ताम्हणात बोलणारा कुंडलिक

हौशीरामाच्या कांद्याच्या चाळीत पाय ठेवायला जागा नव्हती. कांदा दिवाळीच्या आतच बाजारात गेला होता आणि त्याच्या जागी आता माणसं भरली होती. बहुतेक सगळी साठीच्या पुढची. कोणी कानटोपी घातलेली, कोणी पदर कानावरून घट्ट ओढलेला, कोणी गुडघा चोळतंय, कोणी नुसतंच तोंड उघडं टाकून पुढे बघतंय. पुढे एक चौरंग होता. त्यावर भगवी छाटी, छाटीवर तांब्याचं मोठं ताम्हण आणि ताम्हणात राखेचा ढीग. मागे पडदा, आणि चौरंगाशेजारी डोळे मिटून बसलेले निरोपबाबा.

दाराशी टोमॅटोचं एक रिकामं क्रेट ठेवलेलं होतं. आत जाणाऱ्याने आपला मोबाइल बंद करून त्यात ठेवायचा, असा बाबांचा दंडक होता. यंत्र चालू असलं की आत्मा बिचकतो म्हणे.

सुवालालशेठ दाराशी आले, थांबले, मोबाइलवर काहीतरी दाबलं आणि मग तो बंद करून क्रेटमध्ये टाकला. ओतूरच्या बाजारपेठेत त्यांचं औषधांचं दुकान होतं. आता मुलगा पारस ते बघायचा आणि शेठ सकाळ-संध्याकाळ गल्ल्यामागे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तब्येतीवर टीका करायचे. वय एकाहत्तर, जीभ मात्र तरुण. असल्या ठिकाणी ते मेले तरी आले नसते, पण आज ते भांडायला आले होते.

ते जेमतेम टेकले असतील, तोच ताम्हण घुमलं.

कोणी हात लावला नव्हता, वारा नव्हता. तांबं आपोआप घुर्रर्र करून बोललं, राखेचा ढीग थरथरला आणि मधोमध त्याला चीर गेली. चाळभर हात जोडले गेले. पुढच्या रांगेतल्या साळूबाईंनी तर कपाळ जमिनीला लावलं.

"आला," निरोपबाबा डोळे न उघडता म्हणाले. "कुंडलिक आला. आज वरचं नेटवर्क साफ आहे. बाळांनो, तुमच्या टॉवरला वीज लागते, परमात्म्याच्या टॉवरला भाव लागतो. भाव असेल तर रेंज आहे, भाव नसेल तर काही नाही."

मग त्यांनी छाटीसकट ताम्हण उचललं आणि आत्म्याशी एकांत करायला ते पडद्यामागे गेले. दोन मिनिटांनी ताम्हण पुन्हा चौरंगावर आलं आणि बाबा बोलू लागले.

"निमगाव साव्याचा जानकू कोण? तुझ्या डाव्या डोळ्यातून पाणी गळतंय. सून डॉक्टरकडे नेत नाही. खरं का?"

"खरं हाय, म्हाराज," जानकू मागून रडवेल्या आवाजात म्हणाला.

"आणि तुमचा तो शेठ सोमवारी सगळ्यांना जुन्नरला नेणार. साडेआठला पिंपळाखाली जमा म्हणतो. रेशनकार्डाची झेरॉक्स आणा म्हणतो. कुंडलिक सांगतो, जाऊ नका. जो जाईल त्याची शुगर चढेल."

रोज सभा सुटल्यावर लोक क्रेटमधून मोबाइल काढून चालू करत, आणि काय आश्चर्य, त्यांच्या मोबाइलवर शेठचा तोच मेसेज तेव्हा येऊन पडे. आजही तसाच येणार होता, साडेआठ, पिंपळ, झेरॉक्स, शब्दाला शब्द. मोबाइलला जे आत्ता कळलं ते बाबांना मघाशीच कळलं होतं, यापेक्षा मोठा पुरावा कोणाला हवा? बंद करून ठेवलेल्या मोबाइलला उशिराच कळणार, एवढा विचार करणारं डोकं त्या चाळीत एकही नव्हतं. होतं ते बाहेर क्रेटपाशी ठेवून लोक आत आले होते.

सुवालालशेठ उभे राहिले. "बाबा, साळूवहिनींच्या शुगरच्या गोळ्या कोणी बंद केल्या?"

"मी कोण बंद करणारा? तिच्या नवऱ्याने केल्या. गोळीने रक्त बाटतं, म्हणाला. चिमूटभर राख घे, म्हणाला."

"कुंडलिक जिवंत असताना रोज सकाळी स्वतः तिच्या हातावर गोळी ठेवायचा. मेल्यावर अक्कल गेली का त्याची? त्यांच्या पायाचं बोट काळं पडत चाललंय, ते दिसतंय का तुमच्या टॉवरवरून?"

चाळ कुजबुजली. बाबा हसले. "शेठ, तुझ्या दुकानातली गोळी खपेना, म्हणून तुझ्या पोटात दुखतंय."

लोक खो-खो हसले. हौशीराम गावातल्या म्हाताऱ्यांच्या मंडळाचा सभासद, शेठच्या रोजच्या बैठकीतला माणूस, पण चाळ त्याची होती आणि बाबाही त्याचेच पाहुणे. तो ओरडला, "बसा खाली, शेठ. न्हाईतर चालू लागा."

"थांब," बाबांनी हात वर केला. "कुंडलिक याच्याविषयीही बोललाय. इतके दिवस मी झाकून ठेवलं होतं. शेठ, तुझ्या दुकानात, उजव्या हाताच्या ड्रॉवरमध्ये कांदा आहे. त्याला कोंब आलाय. तुला टाकवत नाही."

सुवालालशेठ मटकन खाली बसले. त्या बसण्यातच सगळं आलं.

पुढचा प्रकार सांगायलाही लाज वाटते. शंभरेक माणसं हसत-खिदळत बाजारपेठेत आली. ज्या माणसाच्या घरात तीन पिढ्या कांदा-लसूण शिरला नाही, त्याच्या दुकानाचा ड्रॉवर हौशीरामाने स्वतः ओढला. पावत्यांच्या मागे, खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीशेजारी, कांदा होता. बोटभर हिरवा कोंब आलेला. पारस बापाकडे बघतच राहिला. "बाबूजी, हे काय?" त्याने हळू आवाजात विचारलं. बाहेर कोणीतरी निरोपबाबांच्या नावाने जयजयकार केला आणि एका म्हाताऱ्याने दुकानाच्या पायरीवर पचकन तंबाखूची पिंक टाकली.

हा कुंडलिक कोण, ते आता सांगायला हवं.

कुंडलिक कांदा पिकवायचा आणि सुवालालशेठ कांदा खायचे नाहीत, एवढ्या भांडवलावर त्यांची चाळीस वर्षांची मैत्री उभी होती. "एकदा तरी माझ्या शेतातला कांदा खा, शेठ. मोक्षबिक्ष इथंच मिळंल," असं कुंडलिक दर भेटीला म्हणायचा. दोघांनी मिळून म्हाताऱ्यांचं पिंपळपार मंडळ काढलं. आणि मंडळाला खरा जीव आला तो मोबाइलमुळे. एक नंबर होता, त्यावर कोणाही सभासदाने मेसेज टाकला की मंडळाच्या बासष्ट सभासदांना एकदम आणि फुकट पोचायचा. पाठवणाऱ्याचं नावही वर दिसायचं. सुवालालशेठ स्वतः मोबाइलच्या दुकानात स्टुलावर बसून दोन दिवसांत ते शिकले. बासष्ट नंबर त्यांनी जाड चष्म्यातून एकेक करून भरले.

एरवी म्हाताऱ्या माणसाचं कोण ऐकतं? पण बासष्ट म्हातारी एका वेळी एका जागी आली की ऐकावं लागतं. बँकेत निवृत्तिवेतनाच्या दिवशी तीन-तीन तास उभं राहावं लागायचं, तर शेठनी मेसेज टाकला, 'उद्या घरून आपापलं स्टूल घेऊन या.' चाळीस जण स्टूल, पाट, तिवया घेऊन बँकेत जाऊन बसले. पुढच्या आठवड्यात बाकडी आली. तेव्हापासून मंडळाचा रोज पाचचा मेसेज सुरू झाला. त्यात सभेचे निरोप असत आणि सभासदांची दुखणी-खुपणीही. कोणाचा डोळा गळतोय, कोण न्हाणीत पडलं, कोणाची सून बोलत नाही. जे घरात सांगायची सोय नव्हती ते लोक मंडळाला सांगायचे.

डिसेंबरात कुंडलिक गेला. झोपेत गेला, हाल झाले नाहीत. शेठचं तेव्हा पुण्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, त्यामुळे ते तेराव्यालाही पोचू शकले नाहीत. परत आल्यावर मंडळाच्या सभेत प्रश्न निघाला, कुंडलिकचा नंबर यादीतून काढायचा का? सगळ्यांचे चेहरे उतरले. "माणूस जाऊन महिना न्हाई झाला, लगीच नाव खोडायचं व्हय?" जानकू म्हणाला. शेवटी शेठच म्हणाले, वर्षश्राद्ध होईपर्यंत राहू द्या. सगळ्यांना बरं वाटलं. हे एवढं लक्षात ठेवा.

मग जानेवारीत हौशीरामाच्या चाळीत निरोपबाबा अवतरले आणि त्यांच्या ताम्हणात कुंडलिक बोलू लागला. सगळं खरं बोलायचा. कोणाचं काय दुखतंय, कोणाच्या घरात काय चाललंय. साळूबाई रोज जाऊ लागल्या. मंडळाच्या लंकाबाई निवृत्त नर्स. त्या एकदा घरी गेल्या तर साळूबाई पायाला फडकं गुंडाळून बसलेल्या.

"गोळ्या का सोडल्या?" लंकाबाईंनी विचारलं.

"त्यांनीच सांगितलंय," साळूबाई म्हणाल्या. "पन्नास वर्सांत कधी धड बोलले न्हाईत माझ्याशी. आता रोज बोलत्यात. मी त्यांचं मोडू व्हय?"

लंकाबाईंनी ते तसंच्या तसं शेठना येऊन सांगितलं आणि म्हणाल्या, अशीच चालली तर आधी बोट जाईल, मग पाय, मग बाई. तेव्हाच दोघांनी ठरवलं की तालुक्याला अर्ज द्यायचा. आठवड्यातून एक दिवस ओतूरलाच म्हाताऱ्यांची शुगर आणि बीपी फुकट तपासली जावी. सगळ्यांनी मिळून सोमवारी जायचं. आणि बाबांना नेमकं तेच नको होतं. दर आठवड्याला शुगर मोजली गेली असती तर राखेचा गुण आकड्यात दिसला असता.

कांद्याच्या तमाशानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी सुवालालशेठ दुकानात गल्ल्यामागे बसून होते. काल संध्याकाळपासून तेवीस जणांनी सोमवारी येत नाही म्हणून कळवलं होतं. समोर तो कांदा होता. हा कांदा कुंडलिकने मरायच्या आठवडाभर आधी चेष्टेत त्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकला होता. "ठिवा राव. भूक लागली की खा." टाकायचा म्हणून शेठनी चार वेळा हातात घेतला होता.

खरं सांगायचं तर शेठची झोप उडाली होती ती अपमानाने नाही. काल त्या चाळीत क्षणभर, एक क्षणभरच, त्यांना वाटलं होतं की कुंडलिक खरोखर कुठूनतरी बोलतोय. आणि वाटलं तेव्हा भीती वाटली नव्हती, बरं वाटलं होतं. आयुष्यभर उतारे, अंगारे आणि अंगात येणारी माणसं यांची टर उडवणाऱ्याला एका बाबाच्या तोंडून मित्र ऐकून बरं वाटलं होतं. याचा त्यांना स्वतःचाच राग आला. साळूवहिनींना मूर्ख म्हणायची आता सोय राहिली नव्हती.

राग आला की शेठचं डोकं चालायचं. कांद्याचं कोणाला माहीत होतं? पारसला नाही, घरात नाही, लंकाबाईंनाही नाही. मी कोणाला सांगितलं?

आणि त्यांना आठवलं. आठवडाभरापूर्वी दुपारी दुकानात कोणी नसताना त्यांनी एक मेसेज लिहिला होता. मंडळाला नाही. थेट कुंडलिकच्या नंबरावर. मेलेल्या माणसाला. का लिहिला ते त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी मोबाइल काढला आणि पाठवलेले मेसेज उघडले. 'कुंडलिक, तू दिलेला कांदा उजव्या ड्रॉवरमध्ये आहे. कोंब आला. टाकवत नाही.'

शब्दाला शब्द बाबांनी तेच म्हटलं होतं. आणि मेसेजखाली मोबाइलने आपणहून लिहिलं होतं, मेसेज पोचला.

शेठ ताठ बसले. मोबाइल बंद असेल तर मेसेज पोचत नाही. कपाटात पडून राहिलेला मोबाइल चार दिवसांत बंद पडतो. म्हणजे हा बंद पडलेला नाही. मेलेल्या माणसाचा मोबाइल चार्ज कोण करतंय?

त्यांनी कुंडलिकच्या मुलाला, सोपानला दुकानात बोलावून घेतलं.

"आबांचा मोबाइल कुठाय रे?"

"दिला, शेठ. तेराव्याला," सोपान म्हणाला. "छत्री, काठी, चपला, गादी, समदं दान दिलं. त्येच्यावर मोबाइल बी ठिवला. आबांना त्येच्याबिगर करमत नव्हतं. भटजी म्हणले, मोबाइल शास्त्रात बसत न्हाई. तर पंगतीला एक म्हाराज आलते, ते म्हणले, द्या इकडं, आत्म्याची वस्तू हाय."

"कोण महाराज?"

सोपानने मान खाली घातली. "हेच. आपले निरोपबाबा."

"सिमकार्ड काढलं होतंस?"

"न्हाई. लाइफटाइम रिचार्ज केलेला, वाया कशाला घालवा?"

"अरे, मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"मला काय ठावं, शेठ, मेलेल्याला बी मेसेज येत ऱ्हात्यात."

शेठ त्याच्यावर ओरडणार होते, पण कोणत्या तोंडाने ओरडणार? मेलेल्याला मेसेज येत राहिले, कारण त्याचं नाव यादीत ठेवा असं सांगणारे ते स्वतःच होते. रोज पाचला बटण दाबणारे तेच होते. आणि बाबांची बैठकही नेमकी पाचची होती.

लंकाबाई आल्या तेव्हा एकच कोडं उरलं होतं. "ताम्हण कसं घुमतं?" शेठनी विचारलं.

लंकाबाईंनी शेठचा मोबाइल घेतला, त्यात चार बटणं दाबली, तो काउंटरवर ठेवला, त्याच्यावर औषधाचा स्टीलचा ट्रे ठेवला आणि स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावला. ट्रे घुर्रर्र करून काउंटरवर सरकू लागला. आवाज बंद ठेवून नुसता थरथरणारा मोबाइल शेठनी कधी पाहिला नव्हता. मंडळात कोणीच पाहिला नव्हता. ऐकायलाच कमी येणाऱ्या माणसांचे मोबाइल ते, प्रत्येकाचा आवाज पूर्ण वर. फोन आला की बाजारपेठेला कळायचं.

"आता पाचला येते मी," लंकाबाई म्हणाल्या. "साखर मोजायचं मशीन बी आणते."

पाचला चाळ कालच्यापेक्षा जास्त भरली होती. शेठ आत आले तसे लोक खिदळले. "कांदा आनला का, शेठ?" कोणीतरी विचारलं. शेठनी आज मोबाइल क्रेटमध्ये टाकला नव्हता. तो कोटाच्या खिशात होता, आणि पाचचा मेसेजही त्यांनी पाठवला नव्हता.

पाच वाजले. पाच वाजून दहा मिनिटं झाली. ताम्हण गप्प. बाबा डोळे मिटून बसलेले, पण एक पापणी हलत होती.

"आज कुंडलिकला वेळ लागतोय," शेठ उभे राहून म्हणाले. "मी बोलवू का?"

"खाली बस, पाखंडी," हौशीराम ओरडला.

"एक मिनिट. मी तीन म्हणालो की ताम्हण घुमेल. एक, दोन, तीन." खिशातल्या मोबाइलवर त्यांनी आधीच लावून ठेवलेला नंबर दाबला. दोन श्वासांनी ताम्हण घुमलं. राख थरथरली. लोकांनी सवयीने हात जोडले. "आता थांबेल," शेठ म्हणाले, आणि ते थांबलं. जोडलेले हात तसेच अधांतरी राहिले. "आता परत." परत घुमलं. "आता थांब." थांबलं.

शेठनी मोबाइल बाहेर काढून सगळ्यांना दाखवला. "कुंडलिकच्या नंबराला फोन लावतोय मी. तुमच्या सगळ्यांकडे तो नंबर आहे. माझ्यासारखाच तुम्हालाही तो पुसवला नाही."

लंकाबाई तोवर टोमॅटोचं क्रेट आत घेऊन आल्या होत्या. "घ्या, चालू करा आपापले, आणि द्या कुंडलिकभाऊंना मिस्ड कॉल. उचललाच, तर आमचा बी नमस्कार सांगा."

सुरुवातीला कोणी हलेना. मग जानकूने मोबाइल डोळ्यांपाशी नेला, बटण दाबलं. ताम्हण घुमलं. मग दुसऱ्याने, मग चौथ्याने. ताम्हण आता थांबायचं नावच घेईना. राख छाटीवर सांडू लागली.

"एंगेज लागतोय," कोणी म्हणालं.

"वर दुसऱ्या कुणाशी बोलत असतील," लंकाबाई म्हणाल्या.

"आत्मा क्रोधित झालाय," बाबा घाईने उठले. "डोळे मिटा. सर्वांनी डोळे मिटा." त्यांनी छाटीसकट ताम्हण उचलायला हात घातला. पण पुढच्या रांगेतून एक सुरकुतलेला हात आधीच ताम्हणाच्या कडेवर पडला होता. साळूबाईंचा.

"ठिवा," त्या म्हणाल्या.

त्यांनी ताम्हण बाजूला सारलं. छाटी दूर केली. चौरंगावर एक काळा मोबाइल पोट खाजवल्यासारखा थरथरत होता. त्याचं मागचं झाकण सुटतं म्हणून त्याला लाल रबर बांधलेलं होतं. ते रबर साळूबाईंनीच बांधलं होतं, दुधाच्या पिशवीचं काढून.

बाबा काहीतरी बोलत होते. आत्म्याला माध्यम लागतं, वस्तूत वासना असते, वगैरे. ऐकायला कोणी नव्हतं. साळूबाईंनी मोबाइल पदराने पुसला, राख झटकली आणि मान वळवली ती बाबांकडे नाही, शेठकडे.

"शेठ. म्हंजी ते बोलले न्हाईत?"

"नाही, वहिनी."

"एकदा बी न्हाई?"

बाबांचा खोटेपणा उघड करणं सोपं होतं. या बाईचा नवरा तिच्याकडून दुसऱ्यांदा काढून घेणं सोपं नव्हतं. पण खोटं बोलून दिलासा देणारा एक माणूस त्या चाळीत होता तेवढा पुरे होता. "नाही," ते म्हणाले. "तो गेला, वहिनी. तुमच्याशी बोलत होता तो हा माणूस. तुमचे-आमचे मेसेज चोरून वाचून."

साळूबाईंनी मोबाइल पदराच्या गाठीत बांधला. मग बाबांकडे वळल्या. "पन्नास वर्सं मी वाट बघितली त्येंच्या एका शब्दाची. त्येची तू राख केलीस." एवढं बोलून त्यांनी पायाचं फडकं सोडलं आणि लंकाबाईंपुढे हाताचं बोट केलं. "घ्या. टोचा काय टोचायचं ते."

यंत्रावर आकडा आला, चारशे अडतीस. लंकाबाईंनी तो मोठ्याने वाचला. राख घेणाऱ्या आणखी नऊ जणांनी लगेच बोटं पुढे केली. एकाचाही आकडा सांगण्यासारखा नव्हता.

बाबा दाराकडे सरकत होते. पण दारात म्हातारी माणसं आडवी काठी टाकून बसली होती आणि पोलीस येईपर्यंत ती उठली नाहीत. बँकेत स्टूल घेऊन बसायचा सराव इथे कामाला आला. फसवणुकीच्या फिर्यादीवर पहिली सही सोपानची, दुसरी जानकूची आणि तिसरी, खाली मान घालून, हौशीरामाची.

त्या संध्याकाळी पिंपळाखाली शेठ मंडळापुढे बोलले. त्यांना गोड बोलता यायचं नाही.

"हा बाबा मी पाळला," ते म्हणाले. "कुंडलिकचं नाव ठेवा म्हणणारा मीच. रोज पाचला त्याची घंटा वाजवणारा मीच. आणि मेलेल्या मित्राला मेसेज लिहिणाराही मीच, त्यामुळे तुम्हाला हसायचा मला अधिकार नाही. पण एक सांगतो, ते पाठ करा. उद्या कोणी तुमच्या मनातलं ओळखलं तर पाया पडू नका. आधी आठवा, हे मी कोणाला सांगितलं होतं? कुठे लिहिलं होतं? ते कोणाकोणाच्या हातात पडू शकतं? आणि तो आपलं यंत्र बंद करायला, डोळे मिटायला, गोळी सोडायला सांगत असेल तर उठून चालू लागा. ज्याच्याकडे खरं आहे तो डोळे मिटायला सांगत नाही. आपल्याला म्हातारपणी फक्त दोनच गोष्टी सांभाळायच्यात. एक औषध आणि दुसरी एकमेकांची खबर. या माणसाने दोन्हींवर डल्ला मारला. सोमवारी साडेआठला पिंपळाखाली."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. यादीतून कुंडलिकचा नंबर काढायचा विषयही कोणी काढला नाही. मोबाइल साळूबाईंच्या उशाशी होता आणि सोपान आईला घेऊन सकाळीच पुण्याच्या दवाखान्यात निघणार होता.

सोमवारी सत्तावन्न माणसं जुन्नरला पोचली. तालुक्याच्या कचेरीच्या आवारात, साहेब येईपर्यंत, आपापल्या स्टुलांवर बसली. दहा वाजले, अकरा वाजले. शिपाई दोनदा येऊन बघून गेला. लोक कुरकुरायला लागले. हौशीराम म्हणाला, "साहेब काय येत न्हाईत आज. चला परत."

आणि तेव्हा सत्तावन्न मोबाइल एकदम वाजले. पूर्ण आवाजात. भजनं, आरत्या, पिक्चरची गाणी, एकाच्या मोबाइलवर तर कोंबडा आरवला. कचेरीच्या खिडक्या उघडल्या, आतल्या माणसांनी माना बाहेर काढल्या. आवारात मात्र सगळे चिडीचूप झाले होते, कारण प्रत्येकाच्या मोबाइलवर पाठवणाऱ्याचं एकच नाव होतं. कुंडलिक.

हौशीरामाने मोबाइल हातातून स्टुलावर टाकला. जानकूने कानाला हात लावला. सुवालालशेठनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि मेसेज उघडून सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला.

'मी साळूबाई. चौथीपर्यंत शिकलेली हाय, स्वता लिव्हलंय. पायाचं बोट एक गेलं, नऊ ऱ्हायली. गोळी घेतली. अर्जावर माझं नाव लावा. ह्यो नंबर खोडू नका. आता ह्यो माझा हाय.'

शेठनी खिशातून पेन काढलं, अर्ज स्टुलावर ठेवला आणि अठ्ठावन्नावं नाव लिहिलं. परत जायचं पुन्हा कोणी बोललं नाही.